मापात पाप

तर झालं असं, की दिवाळीच्या सुमारास ऑफिसमधल्या एका मित्राने बोनसच्या पैशातून एक डॅक मागवला. किंमत २६ हजार. दहा दिवसांत आवडला नाही तर परत करता येणार होता, म्हणून तो डबा घेऊन थेट माझ्याकडे आला. "तुझे कान चांगले आहेत, ऐक आणि सांग. ठेवू की परत करू?"

माझ्याकडे तेव्हा फोनला लावायचा नऊशे रुपयांचा डोंगल होता. दोन्ही आळीपाळीने माझ्या जुन्या ॲम्पला लावले, आवाजाची खुंटी हाताने जुळवली आणि किशोरी आमोणकरांचा भूप लावला. अर्धा तास ऐकून मी निकाल दिला. तानपुरा मोकळा झाल्यासारखा वाटतोय, आवाजाभोवती जागा आहे, मधले सूर भरीव आहेत वगैरे वगैरे. (असलं बोलताना आपण फार जाणकार वाटतो, हे मला माहीत आहे.) मित्राने डॅक ठेवला. दहा दिवस उलटून गेले.

मग एका शुक्रवारी जेवताना त्याने अगदी निरागसपणे विचारलं, "तू म्हणालास तो फरक मोजता येतो का रे? तू तर इंजिनियर आहेस." टोमणा नव्हता, खरंच कुतूहल होतं. पण माझा घास अडकला. मी त्याचे २६ हजार माझ्या कानांच्या भरवशावर खर्च करायला लावले होते आणि तपासून काहीच पाहिलं नव्हतं. म्हटलं, डॅक दे दोन वीकेंड. मोजून सांगतो.

दोनाचे पाच वीकेंड झाले. पहिलाच प्रश्न असा आला, की मोजायचं कशाने? सोन्याचं वजन करायला रद्दीवाल्याचा काटा चालत नाही. मोजणारं यंत्र मोजल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा चांगलं हवं, आणि आजचा बरा डॅक इतका चांगला आहे की त्याच्याहून चांगलं काही घरात असणं कठीण. या प्रश्नाच्या मागे मागे जाताना मी वाचत सुटलो, आणि लक्षात आलं की डिजिटल आवाजाचा सगळा इतिहास हा याच काट्याच्या भानगडीचा इतिहास आहे.

सुरुवात टेलिफोनपासून. ॲलेक रीव्हज नावाचा इंग्रज इंजिनियर १९३७च्या आसपास पॅरिसमध्ये आयटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. लांब पल्ल्याच्या फोन लाइनवर आवाज क्षीण होतो, म्हणून मध्ये मध्ये ॲम्प्लिफायर लावावे लागत. पण ॲम्प्लिफायर बोलण्याबरोबर खरखरही वाढवतो, आणि प्रत्येक टप्प्यावर आपली थोडी भर घालतो. दहाव्या टप्प्यानंतर माणूस कमी आणि खरखर जास्त. रीव्हजने विचार केला, आवाज पाठवायचाच कशाला? त्याची उंची सेकंदाला काही हजार वेळा मोजायची आणि फक्त तो आकडा, आहे-नाहीच्या ठोक्यांत, पाठवायचा. ठोका कितीही मळला तरी 'आहे' की 'नाही' एवढंच ओळखायचं, आणि पुढे कोराकरकरीत ठोका पाठवायचा. १९३८ साली त्याने फ्रान्समध्ये पेटंट घेतलं. त्याची योजना सेकंदाला ६,००० आकड्यांची होती आणि प्रत्येक आकडा ५ बिटांचा, म्हणजे उंचीच्या फक्त ३२ पायऱ्या. कल्पना पूर्ण बरोबर, पण व्हॉल्व्हच्या जमान्यात ती बांधणं परवडेना. अमेरिकेत फोनच्या एका केबलवर असे २४ कॉल नेणारी यंत्रणा सुरू झाली ती १९६२ मध्ये. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९६९ साली या शोधाचं तिकीट काढलं, आणि १९७१ मध्ये रीव्हज गेला. म्हणजे निदान तिकीट तरी त्याने पाहिलं. आपल्या क्षेत्रात एवढंही बऱ्याच जणांच्या नशिबी नसतं.

आता ३२ पायऱ्या म्हटलं की चूक आलीच. खरी उंची दोन पायऱ्यांच्या मध्ये असेल तर जवळच्या पायरीवर ढकलायची. ही ढकलाढकली आवाजात खरखर म्हणून उतरते. ती नेमकी किती, याचा हिशोब बेल लॅब्जच्या डब्ल्यू. आर. बेनेट यांनी १९४८च्या एका निबंधात मांडला. त्यातून निघालेला नियम आजही प्रत्येक डॅकच्या माहितीपत्रकामागे उभा आहे: दर बिटामागे ६.०२ डेसिबेल, वर १.७६. म्हणजे सीडीच्या १६ बिटांना साधारण ९८ डेसिबेल. (डेसिबेलचं लक्षात ठेवायला सोपं: दर २० डेसिबेलला व्होल्टेज दहापट.)

कागदावर हे छान आहे. पण आकड्याचं परत व्होल्टेज करायचं, म्हणजे डॅक बांधायचा, तर ते कसं? जुनी पद्धत अगदी किराणा दुकानातली आहे. १६ वजनं घ्या, प्रत्येक वजन आधीच्या निम्मं. आकड्यात जो बिट '१' असेल ते वजन पारड्यात टाका. सगळ्यांची बेरीज म्हणजे तुमचं व्होल्टेज. प्रत्यक्षात वजनांच्या जागी रेझिस्टर किंवा करंट असतात, बाकी तेच. आता बघा, सर्वात लहान वजन एक ग्रॅमचं धरलं तर सर्वात मोठं येतं ३२ किलो ७६८ ग्रॅमचं. ते दोन ग्रॅमने जरी चुकलं तरी लहान वजनाला काही अर्थच उरत नाही! ३२ किलोचं वजन अर्ध्या ग्रॅमपर्यंत अचूक हवं. त्यात गंमत म्हणजे आवाज शून्याच्या वर-खाली हलतो, आणि नेमकं शून्य ओलांडताना सगळी लहान वजनं काढून ते एक मोठं वजन ठेवावं लागतं. म्हणजे मोठ्या वजनातली चूक सर्वात जास्त कुठे दिसणार? सर्वात हळू आवाजात. कॅसेट किंवा रेकॉर्ड जोरात वाजवली की फाटते, हळू आवाजात गोड असते. या डॅकचं उलटं होतं. लोकांना ते खटकलं यात नवल नाही.

१ ऑक्टोबर १९८२ला सोनीने जपानमध्ये पहिला सीडी प्लेयर विकायला काढला, सीडीपी-१०१, किंमत १,६८,००० येन. सीडी ही सोनी आणि फिलिप्स यांची जोडनिर्मिती, आणि त्यांच्यात बिटांवरून वाजलं होतं. फिलिप्सकडे १४ बिटांचा डॅक तयार होता. सोनी १६ बिटांवर अडून बसली, आणि १६ ठरले. (सेकंदाला ४४,१०० हा विचित्र आकडाही कुठल्या थोर सिद्धांतातून आलेला नाही. तेव्हा डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरायचे. चित्राच्या एका ओळीत ३ आकडे, एका फील्डमध्ये २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून बघा.)

मग फिलिप्सने १४ बिटांच्या डॅकचं काय करावं? इथे मला खरी इंजिनियरिंगची मजा वाटते. त्यांनी तोच डॅक चौपट वेगाने, सेकंदाला १,७६,४०० वेळा चालवला, आणि दर वेळी राहिलेली चूक पुढच्या आकड्यात धरली. सुट्टे नसले की आपला दुकानदार "दोन रुपये पुढच्या खेपेला" म्हणतो ना, अगदी तसंच. एकेक व्यवहार चुकतो पण महिन्याचा हिशोब जुळतो. चूक नाहीशी होत नाही, पण ती कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत ढकलली जाते. वजनांच्या अचूकतेसाठी त्यांच्या रुडी व्हॅन डे प्लाशे यांनी आणखी एक युक्ती काढली होती: सारखीच असायला हवीत अशी वजनं एकमेकांशी सतत अदलाबदल करत राहायची, म्हणजे कुणाचा खोटेपणा कुणाच्या खात्यावर कायमचा बसत नाही. १४ बिटांचा डॅक सोळाच्या तोडीला आला. उलट सोनीच्या त्या पहिल्या प्लेयरमध्ये १६ बिटांचा एकच डॅक डाव्या आणि उजव्या बाजूला आळीपाळीने वापरला होता, त्यामुळे एक बाजू दुसरीच्या ११ मायक्रोसेकंद मागे. यावरही वाद झाले. ११ मायक्रोसेकंदांत आवाज चार मिलिमीटरही जात नाही. ऐकताना मान हलली तरी त्याहून जास्त फरक पडेल.

या अदलाबदलीचा आणि उधारीचा शेवट असा झाला, की वजनंच काढून टाकली. टोकियोत इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी १९६२ मध्ये डेल्टा-सिग्मा नावाची पद्धत मांडली होती. एकच वजन, ते प्रचंड वेगाने ठेवायचं-उचलायचं, सरासरी बरोबर आली पाहिजे. एकच वजन असेल तर ते कुणाशी जुळवायचा प्रश्नच नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी हे सीडी प्लेयरमध्ये आलं आणि आज माझ्या नऊशेच्या डोंगलपासून मित्राच्या २६ हजारांपर्यंत बहुतेक सगळं या घराण्यातलं आहे. फक्त एकाऐवजी थोडीशी वजनं असतात.

आणखी एका माणसाचा उल्लेख करायलाच हवा, कारण आपण आयटीवाले. पायऱ्यांवर ढकलण्यातली चूक आवाजाला चिकटून राहते, म्हणजे ती साधी खरखर न राहता बेसूरपणा होते. उपाय उफराटा आहे: ढकलण्याआधी मुद्दाम थोडी खरखर मिसळायची. याला डिदर म्हणतात. हे चित्रांच्या बाबतीत १९६२च्या निबंधात मांडलं लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी. तेच रॉबर्ट्स, ज्यांनी पुढे आर्पानेट उभारलं! ऑडिओत हे नीट सिद्ध करून दाखवलं कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या व्हॅन्डरकॉय आणि लिपशिट्झ यांनी, १९८४ मध्ये. डिदर घातला तर सर्वात लहान पायरीपेक्षाही हळू सूर टिकून राहतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. फाइल बनवून स्वतः पाहिल्यावर बसला.

असो. हे झालं डॅकचं. पण काट्याचं काय?

बेसूरपणा मोजायची मूळ कल्पना साधी आहे. एकच शुद्ध सूर यंत्रात घाला, बाहेर येणाऱ्यातून तो सूर काढून टाका, आणि उरलं काय ते बघा. उरलेलं सगळं यंत्राचं पाप. त्यासाठी आधी शुद्ध सूर हवा. बिल ह्युलेटने स्टॅनफर्डच्या प्रबंधासाठी असा सूर देणारं यंत्र बांधलं, आणि त्यात आवाजाची पातळी स्थिर ठेवायला चक्क एक छोटा बल्ब लावला. पातळी वाढली की तार तापते, विरोध वाढतो, पातळी खाली येते. हे यंत्र म्हणजे १९३९ साली पालो अल्टोच्या एका गॅरेजमध्ये सुरू झालेल्या ह्युलेट-पॅकर्डचं पहिलं उत्पादन, २००-ए, किंमत ५४ डॉलर ४० सेंट. त्याची सुधारित आठ यंत्रं डिस्नेने 'फँटेशिया' सिनेमासाठी घेतली. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीची सुरुवात ऑडिओ मोजण्यापासून झाली असं म्हणायला हरकत नाही. (ऑफिसात हे सांगितलं तर कुणाला फार कौतुक वाटलं नाही.)

सूर काढून टाकणारं सर्किटही तेवढंच जुनं आहे. बेल लॅब्जच्या हर्बर्ट ऑगस्टाट यांचं १९३४चं 'ट्विन-टी', नुसत्या रेझिस्टर-कपॅसिटरचं. ते नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढची पन्नास वर्षं ही यंत्रं सुधारत गेली, पण प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत. १९८४ साली टेक्ट्रॉनिक्समधून बाहेर पडलेल्या काही इंजिनियरांनी ऑडिओ प्रिसिजन कंपनी काढली. त्यांचं 'सिस्टिम वन' पीसीला जोडून चालायचं, आणि त्या कंपनीची यंत्रं या धंद्यात प्रमाण मानली जाऊ लागली. किंमत मात्र लाखांत, आजही.

घरी बसून मोजायची वाट दुसरीकडून आली. १९६०च्या दशकात अमेरिकेला रशियाच्या भूमिगत अणुचाचण्या भूकंपाच्या नोंदींतून ओळखायच्या होत्या आणि त्यासाठी लागणारं फूरिए गणित त्या वेळच्या कॉम्प्युटरला झेपत नव्हतं. त्यातून १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांची एफएफटी आली. (गाउसने ही युक्ती १८०५च्या सुमारास करून ठेवली होती, हे नंतर उघड झालं. गाउसने काय करून ठेवलं नव्हतं हाच प्रश्न आहे.) एफएफटी लॅपटॉपवर आली, आणि डेल्टा-सिग्मामुळे चांगले एडीसी, म्हणजे आवाजाचा आकडा करणारे, स्वस्त झाले. रेकॉर्डिंगसाठी लोक घेतात तो यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि आरईडब्ल्यूसारखं फुकट सॉफ्टवेअर, एवढ्यावर काटा तयार होतो. इंटरफेस माझ्याकडे होताच. लॉकडाउनमध्ये गिटार शिकणार होतो. असो.

आता माझी फजिती. पहिल्या शनिवारी १००० हर्ट्झचा सूर डॅकमधून वाजवला, इंटरफेसने पकडला, एफएफटी काढली. स्क्रीनवर मधोमध एक सुळका आणि बाकी तळ उणे १४० डेसिबेलच्या आसपास सपाट! मी मित्राला फोटो पाठवला, "उणे १४०! दगड आहे दगड." मग जेवता जेवता ट्यूब पेटली. मी वाजवलेली फाइल १६ बिटांची होती. तिची स्वतःचीच खरखर उणे ९८ला असणार. मग तळ १४० कसा?

कारण एफएफटी ती खरखर हजारो खणांत वाटून टाकते. ६५,५३६ नमुन्यांची एफएफटी म्हणजे ३२,७६८ खण, आणि प्रत्येक खणात येणारा वाटा एकूण खरखरीपेक्षा ४५ डेसिबेल खाली. ९८ अधिक ४५, १४३. खण आणखी वाढवले तर तळ आणखी खाली जाईल आणि डॅक मात्र तोच राहील. घरी मोजणारे नव्वद टक्के लोक पहिल्यांदा इथेच आपटत असणार, असा माझा अंदाज आहे. खरा आकडा सगळे खण २० हजार हर्ट्झपर्यंत परत बेरीज करून काढावा लागतो. मित्राला दुरुस्तीचा मेसेज टाकला.

बेरीज केली तर पन्नास हर्ट्झवर दुसरा सुळका. मग १००, १५०, २५०... भिंतीतली वीज! लॅपटॉपचा चार्जर काढला आणि बॅटरीवर चालवलं तर सुळके जवळजवळ गायब. चार्जरचं अर्थिंग, यूएसबीची वायर, ॲम्पचं अर्थिंग असं गोल फिरून डॅकच्या नावावर जमा होत होतं. माझ्या हॉलमधल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी पिन नुसती शोभेची आहे, हाही शोध त्याच दिवशी लागला. डॅक मोजायला गेलो आणि आधी घर मोजून झालं. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते नीट करून घेतलं. या सगळ्या खटाटोपातलं एवढंच काम बायकोला पटलं.

पुढच्या शनिवारी इंटरफेसचंच आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडलं, म्हणजे काट्याचं स्वतःचं पाप किती ते कळावं. बेसूर आणि खरखर मिळून उणे ९८. डोंगल लावला: उणे ९५. मित्राचा डॅक लावला: उणे ९९. म्हणजे डॅकच्या नावाने मी बहुधा इंटरफेसच मोजत होतो! काटा वस्तूपेक्षा हलका पडला.

मग तो १९३४चा ट्विन-टी आठवला. मोठा सूर इंटरफेसपर्यंत पोचूच दिला नाही तर इंटरफेस स्वतः बेसूर होणार नाही, आणि उरलेलं बारीक पाप आरामात वाढवून बघता येईल. बुधवार पेठेत जाऊन १६ किलोओमचे रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचे कपॅसिटर आणले, मल्टिमीटरने मोजून जुळणारे चार-चार निवडले. हिशोबाने हे सर्किट ९९५ हर्ट्झला सूर गिळतं. ते बरोबर हजारावर आणायला लोक पूर्वी खुंट्या पिळत बसायचे. मी सॉफ्टवेअरमध्ये सूरच ९९५च्या आसपास सरकवत नेला, जिथे सर्वात जास्त गिळला जातो तिथे थांबलो. पन्नासेक डेसिबेल गेले. मात्र हे सर्किट नाजूक असतं, पुढच्या इनपुटने ओढलं की बिघडतं, म्हणून इंटरफेसच्या गिटारच्या इनपुटला लावलं. शेवटी त्या इनपुटचा उपयोग झाला! शिवाय ट्विन-टी आजूबाजूचंही थोडं खातो: दुपटीचा सूर ९ डेसिबेलने आणि तिपटीचा ५ डेसिबेलने कमी दिसतो, तेवढं परत मिळवायचं.

पहिल्या प्रयत्नात दोन्ही यंत्रं सारखीच बेसूर निघाली. तेही माझंच पाप. दुकानदाराने दिलेले कपॅसिटर सिरॅमिक होते. त्यातल्या बऱ्याच जाती व्होल्टेजप्रमाणे आपली किंमत बदलतात, म्हणजे स्वतःच बेसूर होतात. परत जाऊन फिल्मचे आणले. तेव्हा कुठे खरं चित्र दिसलं. दुपटीचा सूर डोंगलमध्ये उणे १०४ आणि डॅकमध्ये उणे ११८.

म्हणजे फरक आहे! खराखुरा, चौदा डेसिबेलचा. मला हायसं वाटलं, ते खोटं का सांगू. पण तो आनंद फार टिकला नाही. दोन व्होल्टच्या आउटपुटमध्ये उणे ११८ म्हणजे अडीच मायक्रोव्होल्ट. साधा १ किलोओमचा रेझिस्टर टेबलावर पडल्या पडल्या, खोलीच्या तापमानाला, अर्धा मायक्रोव्होल्टपेक्षा जास्त खरखर करतो. बेल लॅब्जच्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी हे १९२८ मध्येच सांगून ठेवलंय. तेवढ्यानेच साडेएकवीस बिटांपाशी हद्द येते, त्यामुळे डब्यावर '३२ बिट' छापलेलं असलं तर ते फक्त आकड्याच्या रुंदीचं वर्णन आहे, आवाजाचं नव्हे. आणि ज्या टेपवर तो भूप रेकॉर्ड झाला असेल, त्या काळच्या टेपची सरसर साधारण ६०-७० डेसिबेल खाली असते. त्या सरसरीखाली उणे १०४ काय आणि ११८ काय!

मग मला तानपुरा मोकळा कसा ऐकू आला?

साध्या मल्टिमीटरने उत्तर दिलं. स्वस्त मल्टिमीटर हजार हर्ट्झला भरवशाचा नसतो, पण पन्नासच्या आसपास बरा असतो, शेवटी तो विजेसाठीच बनवलेला आहे. ५० हर्ट्झचा सूर वाजवून दोन्हींचं व्होल्टेज ॲम्पच्या पुढे मोजलं. डॅक दोन व्होल्ट देतो, डोंगल एक, त्यामुळे खुंटी प्रत्येक वेळी हलवावी लागते. पहिल्या दिवशी मी हाताने जुळवून खुंटीवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्याच खुणांवर मोजलं, तर डॅक ०.८ डेसिबेलने जोरात होता. एवढा फरक "जोरात" म्हणून कळत नाही, "छान" म्हणून कळतो. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, की आवाजाची पातळी बदलली की खालचे आणि वरचे सूर कानाला वेगळ्या प्रमाणात वाढल्यासारखे वाटतात. म्हणजे तानपुरा मोकळा होतोच, पण खुंटीमुळे.

तेच मन्सन आणि त्यांचे सहकारी गार्डनर यांनी १९५० मध्ये एबीएक्स नावाच्या चाचणीचं मूळ रूप मांडलं. 'अ' ऐका, 'ब' ऐका, मग 'क्ष' ऐका आणि क्ष म्हणजे अ की ब ते सांगा. एक टॉगल स्विच आणि चार सॉकेट जुन्या बिस्किटाच्या डब्यात बसवली. दोन रेझिस्टर लावून डॅकची पातळी खाली आणली, पातळी ०.१ डेसिबेलच्या आत जुळवली. बायकोने नाणं उडवून सोळा वेळांचा क्रम वहीत लिहिला आणि माझ्या पाठीमागे बसून स्विच हलवला. सोळापैकी बारा बरोबर आले असते तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणजे मी ताठ मानेने मित्राकडे गेलो असतो.

नऊ आले. ती म्हणाली, "वाईट नाहीत." मी तिला नाणेफेकीचं गणित समजावून सांगितलं नाही. परत एकदा करूया म्हणालो. दुसऱ्या वेळी सात.

रविवारी मित्राला घरी बोलावलं. आधी चहा, मग आलेख दाखवले: हे १०४, हे ११८, तुझा डॅक खरंच चांगला बनवलेला आहे, काम स्वच्छ आहे. मग ०.८ची गोष्ट सांगितली आणि माझे नऊ आणि सातही सांगितले. तो थोडा वेळ आलेखाकडेच बघत राहिला. "म्हणजे परत केला असता तर चाललं असतं?" मी म्हटलं, हो. चूक माझी, मी न मोजता बोललो. निम्मे पैसे देतो, डॅक दोघांचा ठेवू. तो नको म्हणाला. मग म्हणाला, "मला बसव तिथे." त्यालाही भूपच लावला. त्याचे आठ आले.

बिस्किटाचा डबा आता त्याच्याकडे आहे. त्याच्या मेहुण्याने अकरा हजारांची यूएसबी केबल घेतलीय, आणि ती परत करायला अजून चार दिवस शिल्लक आहेत.